चिकाची बाटली

माझ्या लहानपणात सांगण्यासारखं फार नाही. चौथीनंतर शाळा सुटली, काही वर्षं गुरांमागे हिंडलो, मिसरूड फुटायच्या आत दुधाच्या टेम्पोवर चढलो आणि तिथेच मोठा झालो. ते सगळं मागे लिहून झालं. मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, "बाबा, यात तुम्ही जन्मल्यापासूनच म्हातारे वाटता." म्हणून या प्रकरणात तिचं तरुणपण लिहितो. ते मी जवळून पाहिलं. स्वतःचं पाहायला तेव्हा सवड नव्हती. कुणाला वाटलं की आत्मकथनात मुलीचं कशाला, तर त्याने आपलं वेगळं लिहावं.

अमेरिकेत, ओहायोमधल्या डब्लिन गावात आम्ही आलो ते हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, थोरल्या बहिणीमुळे. तिचे यजमान इथे डॉक्टर. मोठं घर, मागे हिरवळ, हिरवळीवर कुणी बसत नाही. त्यांनी फार पूर्वी आमच्या व्हिसाचे कागद टाकून ठेवले होते, ते निघेपर्यंत आमची रोहिणी नववीत गेली होती. आम्ही त्यांच्या तळघरात राहावं असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तळघरात बटाटे ठेवतात. आणि एका भारतीय किराणा दुकानात तांदळाच्या गोण्या उतरवायचं काम धरून वेगळी जागा घेतली. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, भिंती पापडासारख्या, जमीन लाकडाची. चाललं की कुरकुर करायची. हिने फोडणी टाकली की छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागायचा, मग ही एका हाताने आमटी ढवळायची आणि दुसऱ्या हाताने त्या भोंग्याखाली टॉवेल फिरवायची. सगळ्या इमारतीला कळायचं की आज यांच्याकडे आमटी आहे. सकाळी मागच्या तळ्यावर रानबदकं भांडायची, आणि कपडे वाळवायच्या यंत्रात रोहिणीच्या कामाच्या पँटची पितळी बटणं पत्र्यावर आपटत राहायची, टक टक, टक टक. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आताच्या घरातलं यंत्र मुकं आहे.

रोहिणीला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं ते मला माहीत नाही, मी घातलं नाही. आमच्याकडे गावी दोन गाई होत्या, त्यांच्या पोटाखाली बसून ती अभ्यास करायची, एवढंच. डॉक्टर साडू तिला म्हणाले, "अगं, एवढं डॉक्टरच व्हायचं तर माणसांची हो. ढोरांची कशाला?" ती म्हणाली, "काका, ढोरं अपॉइंटमेंट कॅन्सल करत नाहीत." साडू हसले, पण त्यांना ते लागलं. मला बरं वाटलं.

अडचण अशी की इथल्या शाळेत तिचं शास्त्र चांगलं होतं आणि इंग्रजी लंगडं. निबंध लिहायला सांगितला की पोरगी रडकुंडीला यायची. त्या गुणांवर सरळ कॉलेजात घेतलं जाणं कठीण होतं. पण तिथल्या विद्यापीठात एक वर्ष होतं, फाउंडेशन इयर म्हणायचे. मी त्याला पायाचं वर्ष म्हणायचो. ज्यांचं शाळेत काही ना काही कारणाने कमी पडलं, पण ज्यांच्यात काहीतरी आहे असं कुणाला तरी वाटलं, अशा मुलांना वर्षभर ठेवून घ्यायचे. शास्त्र, गणित, इंग्रजी आणि विद्यापीठाच्या गोठ्यावर काम. त्यातून नीट निघालात तर पुढे पशुवैद्यकीच्या वाटेला लागलात. नाही तर घरी, आणि परत दारात उभं करत नसत. हे सगळं रोहिणीने मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या समजावलं. मी विचारलं, "म्हणजे एकदाच?" ती म्हणाली, "एकदाच."

ती उजाडायच्या आधी निघायची. तिची आई डब्यात पोळी आणि कोरडी भाजी द्यायची, वास आला की मुलं बघतात म्हणून. संध्याकाळी ती परत आली की तिच्या अंगाला गोठ्याचा वास. तिची आई तिला दारातच बूट काढायला लावायची, कपडे थेट यंत्रात. मी मात्र काही ना काही निमित्त काढून दारापाशी जायचो. तो वास घ्यायला जातोय हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि आजही या कागदाशिवाय कुणाला माहीत नाही. जेवताना ती गोठ्याच्या गोष्टी सांगायची. तिथे डेल नावाचा म्हातारा होता, गोठ्याचा कारभारी. डोक्यावरची टोपी कधी काढायचा नाही. गाईशी बोलायचा आणि मुलांवर ओरडायचा. त्या पायाच्या वर्षाची प्रमुख एक बाई होती, पशुवैद्य, उंच, पांढऱ्या केसांची. रोहिणी तिला डॉक्टर म्हणायची, आम्ही घरात मोठ्या बाई म्हणायचो.

एकदा जेवताना रोहिणी म्हणाली की आज एक गाय व्यायली. पहिला चीक काढला की तिथे त्यात एक काचेची नळी तरंगत सोडतात. नळी वर राहिली तर चीक ताकदीचा, तो वासरांसाठी साठवून ठेवतात. नळी बुडाली तर पातळ.

"आजचा पातळ निघाला," ती म्हणाली. "ओतून दिला."

माझा घास हातातच राहिला. "कुठे ओतला?"

"ड्रेनमध्ये, बाबा."

"चीक?"

"हो. वासराला त्याचा उपयोग नसतो."

"चीक मोरीत ओतला?"

"अहो, जेवा," ही म्हणाली. "गार होतंय."

माझं जेवण झालं नाही. आमच्या आळीत गाय व्याली की पहिली धार वासराची, मग चीक घरोघरी. ज्याच्याकडे गाय नाही त्याच्याकडे आधी. पोरं वाटी घेऊन दारात उभी राहायची. ते मोरीत ओतणारी माणसं मी पहिल्यांदा ऐकली. मी काही बोललो नाही, पण माझं न बोलणं या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

काही दिवसांनी पुन्हा एक गाय व्यायली, पुन्हा चीक पातळ निघाला, आणि रोहिणीने डेलला विचारलं. तो म्हणाला, फेकायचाच आहे, ने. वासरांना पाजायच्या बाटलीत भरून तिने तो आणला. दुधी प्लॅस्टिकची मोठी बाटली, वर लाल रबराचं बोंड. टॉवेलात गुंडाळून, एखादं पोर आणावं तशी घेऊन ती जिना चढली. "आई, बघ काय आणलंय," म्हणाली. हिने बोंड काढून वास घेतला आणि पदर डोळ्याला लावला. पदर नव्हता, स्वेटर होता, पण हात तसाच गेला.

दुकानातला कोल्हापुरी गूळ होता. हिने तो चिरला, चिकात विरघळवला, दूध अगदी बेताचं घातलं कारण मुळातच पातळ, वेलची कुटली, जायफळ किसलं आणि शिटी काढून कुकरला लावलं. घरभर वास सुटला आणि त्या दिवशी भोंगासुद्धा गप्प राहिला. खाली दोन सॉफ्टवेअरवाली पोरं राहायची, एक नागपूरचा आणि एक पुण्याचा. वासावर वर आली.

"काकू, हे कंडेन्स्ड मिल्कवालं तर नाही ना?" नागपूरकराने विचारलं.

"खाऊन बघ, मग बोल," मी म्हटलं.

त्याने एक वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "यार, ओरिजिनल आहे! काका, कुठून आणलं?"

"मुलीने आणलं. गोठ्यातून."

पुणेकराने वडी उजेडात धरून पाहिली. "चव छान आहे. जाळी जरा कमी पडलीय."

"मग ठेव खाली," ही म्हणाली.

"नाही नाही काकू, मी फक्त निरीक्षण सांगितलं," म्हणत त्याने आणखी दोन उचलल्या. मी साडूंकडेही डबा पाठवला. हिच्या ताईंचा फोन आला, त्या बोलता बोलता थांबल्या, मग फोन ठेवला. त्या या देशात आल्यापासून त्यांनी असा खरवस खाल्ला नव्हता.

मग बाटलीचा प्रश्न आला. ही ती नळाखाली धरायला निघाली, मी म्हटलं, "थांब. चिकाचं भांडं आहे."

आमच्याकडे चिकाचं भांडं धुऊन परत करत नाहीत. धुतलं तर गाय आटते. आणि रिकामंही देत नाहीत, गुळाचा खडा आणि चार तांदूळ घालून देतात. माझ्या आईने कधी धुतलं नाही, मी कधी धुतलं नाही.

"बाबा, तिथे वॉश करूनच ठेवावी लागते," रोहिणी म्हणाली. "रूल आहे. खूप स्ट्रिक्ट असतात."

"रूल त्यांच्या घरी. चीक आपण घेतला. त्या गाईचं दूध आटलं तर तू जबाबदार?"

"असं नसतं, बाबा."

"बरं. मग आत्तापर्यंत जगात सगळे येडे होते."

ती गप्प बसली. माझ्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही, आणि तिला ते लहानपणापासून माहीत होतं. मी बाटलीत गुळाचा खडा टाकला, तांदूळ टाकले, बोंड घट्ट बसवलं आणि सांगितलं, "त्या डेलच्या हातात दे. वाटेत कुठे ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी डेलची सुट्टी होती. रोहिणीला वर्गाला जायची घाई, म्हणून तिने बाटली दुधाच्या खोलीत त्याच्या टेबलावर ठेवली आणि गेली. उन्हं चढल्यावर दुसऱ्या कुणीतरी ती पाहिली. आत आंबूस साका, त्यात काहीतरी तपकिरी आणि पांढरे कण. टपालातून विषारी पूड आल्याच्या प्रकारानंतर त्या वर्षांत इथली माणसं अनोळखी पांढऱ्या कणाला फार घाबरायची. त्यांनी खोली बंद केली, साठवलेला चीक बाजूला काढला, पहारेकरी बोलावले. रोहिणीला वर्गात हे कळलं, आणि ती तशीच उठून मोठ्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, ती बाटली माझी आहे.

दुपारीच ती घरी आली. कपडे स्वच्छ होते, गोठ्यावर तिला पाऊल टाकू दिलं नव्हतं. तिने उभ्यानेच सांगितलं. आठवड्याने बाईंसमोर जायचं. गोठ्यातून काही बाहेर नेणं आणि आत काही आणणं, दोन्ही बंदी. त्यावरून मागे मुलांना वर्षातून काढून टाकलेलं होतं. डेलवरही बालंट आलं होतं, कारण त्याने दिला.

"मी येतो," मी म्हटलं.

"बाबा, इथे पेरेंट्सना बोलवत नाहीत. मी अठराच्या वर आहे."

"गूळ माझा. मी येतो."

"तुम्ही तिथे भांडाल."

"भांडायला इंग्रजी लागतं," मी म्हटलं. "तेवढं मला येत नाही."

तिच्या आईने साडूंचा कोट मागून आणला, तो मी घातला नाही. माझा स्वेटर धुतलेला होता.

बाईंची खोली साधी होती. भिंतीवर गाईच्या पोटाचं चित्र, खिडकीबाहेर बर्फ वितळून झालेला चिखल. बाई टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या बाजूला दुग्धशाळेचा एक तरुण साहेब, आणि कोपऱ्यात डेल, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मला पाहून बाई उठून उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. हे मला आवडलं. तरुण साहेब मात्र भराभर बोलत होता. रोहिणी खाली मान घालून ऐकत होती.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

तिने मान वर केली नाही.

"रोहिणी, काय म्हणाला तो?"

"त्या दिवसाचं सगळं दूध ओतून दिलं, बाबा. टाकीतलं सगळं. तपासणी होईपर्यंत ठेवायला जागा नव्हती."

हे तिने मला घरी सांगितलं नव्हतं. टेम्पोवर असताना घाटात एकदा कॅन उलटला होता, तेव्हा मी गाडी बाजूला लावून कठड्यावर बसून राहिलो होतो, पुढची गावं वाट पाहत होती तरी. तेवढाच तो एक कॅन. मी त्या साहेबाकडे पाहिलं. तो माझ्याहून लहान होता आणि त्यालाही वाईट वाटलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

बाई माझ्याकडे वळल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, का धुतली नाही? तेवढं मला कळलं. मी मराठीत सांगितलं आणि रोहिणीला म्हटलं, जसंच्या तसं सांग. मी म्हटलं, चीक म्हणजे गाईने आपल्या वासराच्या तोंडचं दिलेलं. भांडं धुतलं म्हणजे दिलेलं पुसून टाकलं. रिकामं पाठवलं म्हणजे खाल्लं आणि विसरलो. म्हणून आम्ही धुत नाही आणि गूळ घालतो. रोहिणीने ते इंग्रजीत सांगितलं. मध्ये एकदा ती शब्द शोधत थांबली, मग सापडला. डेलने मान हलवली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, झालं, यांना समजलं.

मग बाईंनी रोहिणीला विचारलं, "आणि तुला? तुला हे खरं वाटतं?"

हेही मला कळलं. मी तिच्याकडे पाहिलं. आमच्या घरात तिला असं कुणी माझ्यासमोर विचारलं नव्हतं. हो म्हणाली तर बाई तिला ठेवणार नाहीत, एवढं मलाही समजत होतं. नाही म्हणाली तर मी तिथे, त्या परक्या माणसांत, माझा धुतलेला स्वेटर घालून बसलेला.

ती म्हणाली, "नो."

पुढे ती इंग्रजीत बरंच बोलली. तिचं इंग्रजी लंगडं राहिलं नव्हतं हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. मला फक्त फादर कळलं, बॉटल कळलं, काफ कळलं. बोलून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. मी विचारायच्या आधीच तिने मराठीत सांगितलं, आणि आवाज जराही मऊ केला नाही.

"मी म्हणाले, मला हे खरं वाटत नाही. न धुतलेल्या बाटलीत काय वाढतं ते मी इथेच शिकले. मला माहीत होतं, तरी बाबांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. उद्या कुणी शेतकरी मला म्हणाला की आजारी गाईचं दूधच वासराला पाजतो, आणि त्याला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले, तर मी डॉक्टर कसली? असं म्हणाले."

माझे कान तापले होते. चाळीस माणसांच्या पंगतीत कुणी ताटावरून उठवावं तसं झालं. बाई तिच्याकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. मग बाई त्या साहेबाशी हळू आवाजात दोन वाक्यं बोलल्या आणि त्यांनी निकाल सांगितला. रोहिणी राहील. सत्र संपेपर्यंत वासरांच्या सगळ्या बाटल्या तिने धुवायच्या, आणि पुन्हा काही झालं तर बोलणं नाही, सरळ घरी. डेलला ताकीद मिळाली. बाहेर पडताना त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, त्या गाईचं दूध वाढलंय," रोहिणी म्हणाली.

पुढे तिचं ते वर्ष पार पडलं. कॉलेजची वर्षंही पार पडली, आणि पशुवैद्यकीच्या शाळेत तिची निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गोणी खांद्यावर घेऊन उभा होतो. आज तिच्या गाडीच्या मागे गुडघाभर बूट आणि दोरखंड पडलेले असतात, आणि आडबाजूच्या गोठ्यांवरचे शेतकरी तिला नावाने हाक मारतात. पण ते तिचं तिने लिहावं. मला त्या दिवशीचा परतीचा रस्ता लिहायचा आहे, कारण तो मी कधी कुणाला सांगितला नाही.

गाडी ती चालवत होती. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, काळी, ओली, आणि मी माझ्या बाजूची काच उघडी टाकली होती.

"आटली नाही ना गाय," मी म्हटलं. "उलट वाढलं. बाटली धुतली नव्हती म्हणून."

"बाबा, ती बाटली त्यांनी त्याच दिवशी लॅबला पाठवली. तिथे उकळून धुतली."

मी बाहेर पाहत राहिलो.

"तुम्हाला राग आला?" तिने विचारलं.

"आला."

"खूप?"

"आला म्हटलं ना."

तिने माफी मागितली नाही. तिचे हात स्टीअरिंगवर होते, नखं कातडीपर्यंत कापलेली, कुठे कुठे चिरा पडलेल्या. मी आयुष्यात कुणाला विचारून काम केलं नाही. टेम्पो चालवायला शिकलो तेही बघून, विचारून नाही. गाव मागे पडलं, पेट्रोल पंप मागे पडला.

"कशी धुतात?" मी म्हटलं.

"काय?"

"बाटल्या. तुमच्यात कशा धुतात? आधी गरम पाणी?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे. "नाही. आधी कोमट. एकदम गरम टाकलं तर दूध आतून चिकटतं. आई नाही का, दुधाच्या पातेल्यात आधी साधं पाणी घालते?"

ही रोज माझ्या डोळ्यांदेखत ते करायची. मी बघितलं नव्हतं.

"मग?"

"मग साबण आणि कडक गरम पाणी. ब्रश तळापर्यंत गेला पाहिजे. बोंड काढून वेगळं, आतली बाजू बाहेर करून. घाण तिथेच बसते. मग..."

मी काच वर घेतली. वाऱ्यामुळे तिचं नीट ऐकू येत नव्हतं.